सांगणी

रुणाली इंगोलेच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण दुसऱ्यांदा परत आलं, आणि या वेळी प्रणिता काळमेघचं डोकं फिरलं.

ती वर्गावर होती. वाघाडी विद्यापीठात अभ्यासलेखनाचा तास सगळ्याच शाखांच्या संशोधक विद्यार्थ्यांना सक्तीचा असल्यामुळे तिच्यासमोर पशुवैद्यक, स्थापत्य, कायदा, वनस्पतिशास्त्र अशी एरवी एकमेकांकडे ढुंकूनही न पाहणारी मंडळी मांडीला मांडी लावून बसत. गोषवाऱ्यात निष्कर्ष आधी सांगावा की शेवटी, यावरून कायद्याची मुलं नेहमीप्रमाणे हमरीतुमरीवर आली होती. तेवढ्यात रुणाली उठली, पुढे आली आणि तिनं आपला टॅब टेबलावर ठेवला. लाल चौकटीत लिहिलं होतं: कसांक बावीस. परलिखित.

परलिखित म्हणजे दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेलं. चोरी म्हणायची ही विद्यापीठाची सभ्य पद्धत होती. तिसऱ्यांदा हाच शेरा आला की नोंदणी रद्द आणि इतक्या वर्षांचं काम पाण्यात. रुणालीचे मार्गदर्शक निवृत्तीच्या वाटेवर होते, ते या भानगडीत पडायला तयार नव्हते. म्हणून ती प्रणिताकडे आली होती.

"मॅडम, मीच लिहिलं ना," ती म्हणाली. "तिथं लेखनकक्षातच बसून, त्या लोकांसमोर लिहिलं. अजून काय करू?"

प्रणिताला भयंकर चीड आली, आणि त्यातली निम्मी स्वतःवरचीच होती. कारण लिहिताना कपाळाला बांधायची श्रमपट्टी विद्यापीठात आणा म्हणून विद्वत परिषदेत सगळ्यांत मोठ्यानं बोलली होती ती हीच बाई.

तेव्हा तिचंही बरोबर होतं. यंत्रांकडून प्रबंध लिहवून घ्यायची साथ आली, त्या काळात तिच्या टेबलावर येणारा प्रत्येक निबंध गुळगुळीत, निर्दोष आणि मेलेला असायचा. शेळीवरचा असो की सिमेंटवरचा, आवाज एकच. हे खरंच कोणी माणसानं लिहिलंय का, हे ओळखायच्या सगळ्या युक्त्या यंत्रांनी एकेक करून निकामी केल्या. मजकुराकडे पाहून काहीच कळेना, तेव्हा शास्त्रज्ञांनी लिहिणाऱ्याकडे पाहायचं ठरवलं.

पट्टीमागचं विज्ञान साधं होतं, म्हणून तर ते सगळ्यांना पटलं. माणूस नवं वाक्य जुळवतो तेव्हा कपाळामागचा मेंदूचा भाग राबतो, आणि राबणाऱ्या भागाकडे प्राणवायूनं भरलेलं रक्त जास्त धावतं. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कातडी आणि हाड पार करून थोडा आत शिरतो आणि परततो; परतताना रक्तातल्या प्राणवायूच्या प्रमाणात तो कमीजास्त शोषला गेलेला असतो. कपाळाला बांधलेली पट्टी हा परतलेला प्रकाश मोजायची. जोडीला, बोटं कळफलकावर कुठे थबकली, काय खोडलं, काय पुन्हा लिहिलं, याची नोंद व्हायची. नव्यानं लिहिणारा माणूस वेड्यावाकड्या जागी थांबतो. पाठ केलेलं किंवा दुसऱ्यानं पुरवलेलं उतरवणारा एका चालीनं पुढे जातो आणि त्याचं कपाळ थंड राहतं. या सगळ्याचा मिळून एक आकडा निघायचा, तो कसांक. पन्नासच्या वर गेला तर लेखन तुमचं. प्रबंधाचं प्रत्येक प्रकरण लेखनकक्षात बसून, पट्टी बांधून लिहायचं, एवढा एकच नियम.

विचार करायला कष्ट पडतात आणि नक्कल करायला पडत नाहीत, हे ऐकून प्रणिता खूश होऊन घरी आली होती. घोटाळा तिच्याच शिकवण्यात आहे, हे तिला तेव्हा कुठे ठाऊक होतं.

तिचा एक हट्ट होता. मुलं त्याला सांगणी म्हणत. लिहायला बसण्याआधी आपलं प्रकरण दुसऱ्या शाखेच्या माणसाला तोंडी सांगायचं. ग्रंथालयामागच्या तळ्याभोवती फेरी मारत, हातात कागद न घेता. ऐकणाऱ्यानं वाटेल तिथे अडवायचं, आणि दुसऱ्या दिवशी तेच आपल्या शब्दांत परत सांगायचं. तो जिथे अडखळेल तिथे चूक सांगणाऱ्याची. मग पुन्हा फेरी. ऐकणारा न अडखळता सांगू लागला की मगच लिहायला बसायचं. या फेऱ्यांतून निघालेल्या मुलांचं लेखन प्रणिता डोळे झाकून ओळखायची.

रुणाली त्या सगळ्यांत उजवी. दारव्ह्याकडच्या खेड्यातून आलेली, आणि एकदा बोलायला लागली की तिचे हात थांबायचे नाहीत. फेरीत तिच्या शेजारून चालणाऱ्यानं जरा अंतर राखूनच चालावं. शेळ्यांचे खूर कुजण्याचा रोग हा तिचा विषय आणि अंकुश मोहोड हा तिचा ऐकणारा. अंकुश स्थापत्यवाला, रस्त्यांखालच्या मोऱ्यांना तडे का जातात ते शोधणारा. चिखलात उभं राहून खूर सडतात, हे पुस्तकातलं उत्तर रुणाली त्याला सांगत होती, तेव्हा त्यानं सहज विचारलं की मग तुझ्या आकड्यांत रोग पाऊस उघडल्यावर काहून वाढतो, आणि सिमेंटच्या गोठ्यांतच काहून. रुणाली तळ्याच्या काठावर उभीच राहिली. त्या एका प्रश्नापायी ती कितीतरी आठवडे गोठ्यागोठ्यातून हिंडली. शेवटी तिला सापडलं. चिखलानं मऊ पडलेले खूर खरबरीत कोब्यावर घासले जातात, बोटांमधली कातडी तिथे फाटते, आणि रोग शिरतो तो पावसात नाही, उघडिपीत. म्हणजे औषध द्यायची वेळच सगळेजण चुकवत होते.

हे तिनं अंकुशला सांगितलं, प्रणिताला सांगितलं, गावी जाऊन मावशीला सांगितलं. लेखनकक्षात बसली तेव्हा प्रकरण एका बैठकीत उतरलं. कुठे थांबणं नाही, खोडणं नाही. कपाळ थंडगार.

अंकुशनं मात्र आळसापायी स्वतःच्या प्रकरणाची सांगणी टाळली होती. तो कक्षात बसून घामाघूम झाला, लिहिलेलं पुन्हा पुन्हा पुसलं, आणि अखेर जे हाती आलं ते वाचून प्रणितानं कपाळाला हात लावला. त्याचा कसांक होता एक्याऐंशी.

"मॅडम, माझ्या प्रकरणाचा मलाच अर्थ लागून नाही राहिला," तो प्रामाणिकपणे म्हणाला होता. "पण आहे ते माझंच."

प्रमाणन कक्षाचे प्रमुख डॉ. सदानंद निंभोरकर मूळचे भौतिकशास्त्राचे. मृदू बोलणारे, कोणाला दुखवू नये म्हणून जपणारे. त्यांनी प्रणिताला खुर्ची दिली, रुणालीचा आलेख भिंतीवर लावला आणि तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग समजावलं की पट्टी कोणाला चोर म्हणत नाही. ती एवढंच सांगते की या खोलीत विचार झालेला नाही. प्रणिता म्हणाली की विचार तळ्याकाठी झाला. ते म्हणाले, झालाही असेल, पण तळ्याकाठी पट्टी नव्हती. एखाद्यानं घरी यंत्राकडून लिहून घेतलं आणि पाठ करून आला, तर त्याचाही आलेख असाच सपाट दिसतो. या दोघांतला फरक त्यांनी कसा ओळखायचा, हे तिनंच सांगावं.

"मग मी वर्गात काय शिकवू, सर? विचार न करता लिहायला बसा, असं?"

"मॅडम, तुम्ही चांगलं शिकवता, हीच अडचण झालीय," ते म्हणाले.

त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, आणि त्यामुळे तर तिचा आणखीच संताप झाला. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. उठताना तिनं त्यांच्याकडून एक कबुली मिळवली. विचार बोलण्यात होतो आणि लिहिण्यात फक्त उतरतो, हे पट्टीनंच दाखवून दिलं तर प्रबंधांवर निर्णय देणारी समिती तो पुरावा पाहील. त्यासाठी लेखनकक्षाबाहेर नेता येईल अशी एक पट्टी तिनं मागून घेतली.

ती तळ्याकडे आली आणि तिथे कोणीच नव्हतं.

तिनं आठवायचा प्रयत्न केला, पण शेवटची जोडी फेरी मारताना कधी पाहिली ते तिला आठवेना. कँटीनमध्ये डोकावली. टेबलं भरलेली होती. सिनेमा, क्रिकेट, कोणाचं लग्न, सगळं चाललं होतं, पण कामाबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. वनस्पतिशास्त्रातल्या एका मुलीला तिनं विचारलं तेव्हा ती संकोचून म्हणाली की सांगितलेला विचार शिळा होतो, मॅडम, मग पट्टी त्याला भीक घालत नाही. सगळे आपापला विचार झाकून ठेवत होते, थेट कक्षात जाऊन उघडायला. हा शोध मुलांना मॅडमच्या कितीतरी आधी लागला होता. तिच्या वर्गात ती माना डोलवत आणि बाहेर पडली की तोंडाला कुलूप लावत. रुणाली एकटीच बावळट निघाली, जिनं शिकवलेलं खरं मानलं.

प्रयोगाला रुणाली लगेच तयार झाली. पाचव्या प्रकरणाची नुसती एक कल्पना तिच्या डोक्यात होती, अजून कोणाला सांगितलेली नव्हती. ती पट्टी बांधून अंकुशला प्रथमच सांगायची, मग कक्षात लिहायची, आणि दोन आलेख शेजारी ठेवायचे. प्रणिताला एवढं पुरेसं वाटत होतं. पण रुणाली अडून बसली की दुसरी पट्टी अंकुशच्या कपाळाला हवीच. तुलनेला कोणी नसेल तर त्याला प्रयोग म्हणत नाहीत. नुसता ऐकणारा माणूस थंड दिसला म्हणजेच सांगणारा राबतो हे सिद्ध होईल. प्रणितानंच तिला हे शिकवलं होतं, तेव्हा नाही कसं म्हणणार. तिनं निंभोरकरांकडून दुसरी पट्टी आणली.

कडुनिंबाच्या सावलीतून दोघं चालत होते आणि प्रणिता मागे, दोघांच्या रेघा दाखवणारा छोटा पडदा हातात धरून. सुरुवातीला तिला आनंदच झाला. रुणाली बोलू लागली आणि तिची रेघ वर चढली, कक्षात कधी चढली नव्हती इतकी. हात चालूच होते. मग अंकुशनं काहीतरी विचारलं, आणि प्रणिताचं लक्ष दुसऱ्या रेघेकडे गेलं. ती सपाट नव्हती. प्रश्न विचारण्याआधीच ती वर उसळली होती, आणि तिच्यामागोमाग रुणालीची आणखी वर गेली होती. पुढची सगळी फेरी असंच चाललं. एक चढली की मागून दुसरी.

तळ्याचं वळण संपलं तेव्हा रुणालीनं पडद्यात डोकावून पाहिलं आणि अंकुशच्या रेघेवर बोट ठेवलं. प्रणिता हळूच म्हणाली की समितीला फक्त तुझाच आलेख देऊ.

"असं नाही करता येत, मॅडम," रुणाली म्हणाली. "दोन मोजले तर दोन दाखवायचे."

समितीनं दोघांचे आलेख बारकाईनं पाहिले. निंभोरकर तर अक्षरशः हरखून गेले. दोन मेंदू एकमेकांना असे चढवत नेतात हे त्यांनी प्रथमच पाहिलं होतं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. समितीला मॅडमचं म्हणणं पूर्ण मान्य होतं, विचार तळ्याकाठीच झाला. पण तो दोघांनी केला. आणि प्रबंध एकाच व्यक्तीचा असावा लागतो.

अंकुश तिथल्या तिथे लेखी द्यायला निघाला की यातलं काहीही माझं नाही, प्रश्न माझे असतील पण उत्तरं सगळी हिचीच, माझा वाटा मी तिला देऊन टाकतो. निंभोरकरांनी फार हळुवारपणे त्याला थांबवलं. आपलं बौद्धिक काम दुसऱ्याच्या नावे करून देणं, हा नियमानुसार दोघांचाही गुन्हा होता. त्यानं हे लेखी दिलं असतं तर त्याचीही नोंदणी गेली असती.

बाहेर आल्यावर रुणाली पायरीवर बसली आणि रडू लागली. ऐकणाऱ्याचं डोकं चालतं म्हणून तर त्याला सांगायचं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. अंकुश दूर उभा होता. जवळ गेलो तर आणखी काही तिच्यातलं आपलं ठरेल, अशी त्याला धास्ती बसली होती.

आता उरली होती तिसरी बैठक, आणि प्रणितानं ठरवलं की ही मुलगी बुडू द्यायची नाही.

जो मार्ग निवडला त्याची तिला लाज वाटत होती. तिनं ऐकलं होतं की मुलं कक्षात लिहिताना कपाळ तापावं म्हणून मनात एकोणतीसचा पाढा उलटा म्हणतात, कोणी मुद्दाम घट्ट बूट घालून बसतो. रुणालीनं पाढा म्हणून पाहिला. पण पाढ्यासाठी राबणारी मेंदूची जागा वेगळी उमटत होती, पट्टीला ती कळायची. शेवटी एकच उपाय राहिला. दुपारी रिकाम्या वर्गात दोघी समोरासमोर बसल्या असताना प्रणितानं तो सांगितला, आणि सांगताना तिनं फळ्याकडे पाहिलं, रुणालीकडे नाही.

"जे तुला माहीत आहे, ते लिहू नकोस."

रुणालीला क्षणभर कळलंच नाही. मग प्रणितानं सगळं फोडून सांगितलं. कोबा नाही, उघडीप नाही, अंकुशचा प्रश्न नाही. जे डोक्यात तयार आहे त्यातलं काहीच घ्यायचं नाही. चौथं प्रकरण नव्यानं, कधीच विचार न केलेल्या विषयावर. परदेशी शेळ्यांच्या जाती आणि त्यांच्या खुरांची ठेवण असं काहीतरी घ्यायचं, आयत्या वेळी चार लेख समोर ठेवायचे, आणि झगडायचं.

"आणि शेळ्यांना औषध केव्हा द्यायचं, ते?" रुणालीनं विचारलं.

"पदवी मिळाली की छापू."

लेखनकक्षात रुणालीनं पार घाम गाळला. चार ओळी लिहायच्या, तीन पुसायच्या. प्रकरणाला शेंडा नव्हता की बुडखा. कसांक आला शहाऐंशी, आणि निंभोरकरांनी स्वतः फोन करून प्रणिताचं अभिनंदन केलं. सांगून बसलेलं पाचवं प्रकरण रुणालीनं गाळून टाकलं, आणि प्रबंध स्वीकारला गेला. समितीनं खास शेऱ्यात म्हटलं की चौथ्या प्रकरणात संशोधिकेचे स्वतंत्र परिश्रम दिसून येतात. प्रणितानं ते प्रकरण एकदा वाचलं आणि मिटून ठेवलं. तिच्या वर्गात पहिल्या वर्षाच्या मुलानंही असं काही लिहिलं असतं तर तिनं त्याला तळ्याकडे पिटाळलं असतं.

पदवीच्या समारंभानंतर रुणाली पेढे घेऊन आली. आता इथेच संशोधक म्हणून राहणार होती. प्रणितानं लगेच विषय काढला, इतके दिवस तो तिला टोचत होता. कोब्याचं आणि उघडिपीचं ते प्रकरण आता छापायला हवं, मी मदत करते. रुणालीनं मान हलवली. नियतकालिकंसुद्धा हल्ली कसांक मागत होती.

"ते शिळं झालं, मॅडम. मी लय जणांना सांगून बसली."

अंकुशबद्दल विचारलं तर म्हणाली की भेटतो, सिनेमाला जातो, पुढेमागे लग्नही करू. कामाचं तेवढं बोलत नाही. दोघांनी तसं ठरवूनच टाकलंय.

मग प्रणिताला दिसलं की पेढ्यांचा डबा उघडतानासुद्धा या मुलीचे डोळे चमकताहेत. ही चमक तिच्या चांगली ओळखीची होती. फेरीच्या मध्यावर, काहीतरी सापडण्याच्या बेतात असताना, रुणाली अशीच दिसायची.

"नवीन काहीतरी सुचलंय तुला," प्रणिता म्हणाली. "चल, तळ्याला फेरी मारू. मला सांग."

दोघी निघाल्या. ऊन उतरलं होतं, वाटेवर कडुनिंबाचा पाला पडला होता, आणि पुढे मागे कोणी नव्हतं. प्रणितानं पावलं मुद्दाम सावकाश टाकली. पहिल्या वळणाशी रुणालीनं बोलायला तोंड उघडलं, हात वर आले, शब्द अगदी ओठांवर आला. मग तिनं तोंड मिटलं. प्रणिताकडे पाहून हसली, प्रेमानंच हसली.

"लिहून झालं की सांगते, मॅडम."

दोघींनी फेरी पूर्ण केली. हवापाण्याबद्दल बोलल्या, मावशीच्या गुडघ्यांबद्दल बोलल्या. रुणालीनं दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले होते, आणि फाटकाशी निरोप घेईपर्यंत ते बाहेर काढले नाहीत.